‘ज्युनिअर टीटी’ला ‘कनिष्ठ गट’ म्हणता येईल का?

प्रश्न असा आहे की १९५७ च्या आइल ऑफ मॅन टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) या मोटरसायकल शर्यतीवर मराठीत लिहिताना ज्युनिअर आणि सीनिअर टीटीला ‘कनिष्ठ गट’ आणि ‘वरिष्ठ गट’ म्हटलं तर चालेल का, कारण तसं लिहिल्यावर वाचणाऱ्याने लगेच विचारलं की एकच माणूस एकाच आठवड्यात कनिष्ठही आणि वरिष्ठही कसा काय?

वाचणाऱ्याचं बरोबर आहे. माझं मत सरळ सांगतो, नाही चालणार.

बॉब मॅकिंटायर हा स्कॉटलंडचा रायडर तेव्हा २८ वर्षांचा होता आणि त्याने जिलेरा या इटालियन कंपनीच्या गाड्यांवर त्या वर्षी दोन्ही शर्यती मारल्या, ज्युनिअर पण आणि सीनिअर पण. आता २८ वर्षांच्या गड्याला कनिष्ठ गटात कोण घेणार! घोळ होतो कारण आपल्या कानाला ज्युनिअर म्हटलं की ज्युनिअर केजी, ज्युनिअर कॉलेज नाहीतर ‘१९ वर्षांखालील’ असंच काहीतरी ऐकू येतं. टीटीमध्ये मात्र हे शब्द १९११ पासून इंजिनाला लावलेत, माणसाच्या वयाला किंवा अनुभवाला नाही. छोट्या इंजिनाची ती ज्युनिअर, मोठ्याची सीनिअर. सुरुवातीला सीसीचे आकडे वेगळे होते, पण १९५० च्या दशकात ज्युनिअर म्हणजे ३५० सीसी आणि सीनिअर म्हणजे ५०० सीसी हे पक्कं होतं.

बरं, ‘कनिष्ठ’ आणखी एका कारणाने चुकतं. आपल्याकडे कनिष्ठ म्हणजे सगळ्यात खालचा, पण टीटीत ज्युनिअरच्या खाली २५० ची लाइटवेट आणि त्याच्याही खाली १२५ ची अल्ट्रा-लाइटवेट असायची, म्हणजे ज्युनिअर हा सोलो गाड्यांमधला वरून दुसरा गट. शिवाय साइडकारची वेगळी. १९५७ ला तर या लहान गाड्या आणि साइडकार मोठ्या डोंगरी रस्त्यावर धावल्याच नाहीत, त्यांची शर्यत सुमारे १७ किलोमीटरच्या क्लिप्स नावाच्या छोट्या रस्त्यावर झाली, ज्युनिअर आणि सीनिअर तेवढ्या साठेक किलोमीटर फेरीच्या डोंगरी रस्त्यावर. लाइटवेटचं भाषांतरही जपून करा, ‘हलक्या वजनाचा गट’ लिहिलंत की वाचणाऱ्याला कुस्तीतला ‘वजनी गट’ आठवणार आणि तो म्हणणार रायडरचं वजन किती होतं :) इथे काटा ना माणसाचा ना गाडीचा, मोजायचं ते फक्त इंजिनाचं घनफळ.

आपल्याकडे ही कल्पना नवीन नाही हो. बैलगाडा शर्यतीत ‘आदत’, ‘दुसा’ म्हणतात ते बैलाच्या दातावरून, म्हणजे वयावरून, गाडी हाकणारा साठीचा असला तरी बैल आदतच असतो आणि तिथे कोणी गोंधळत नाही. तसंच हे, गट जनावराचा म्हणजे इथे गाडीचा, हाकणाऱ्याचा नाही.

मग लिहायचं काय? माझ्या मते ज्युनिअर आणि सीनिअर ही शर्यतीची नावं आहेत, ती नावासारखीच ठेवावीत आणि पहिल्यांदा आलं की पुढे ‘म्हणजे ३५० सीसी गट’ एवढं जोडावं. ‘वर्ग’ पण चालतो पण त्याला शाळेचा वास येतो, ‘गट’ बरा. आणि बोलताना तर आपण अजून सोपं बोलतो की, ‘साडेतीनशेची बुलेट’, ‘अडीचशेची येझदी’, मग ‘साडेतीनशेची शर्यत’, ‘पाचशेची शर्यत’ म्हणायला काय हरकत आहे? जुनी बुलेट भरते ३४६ सीसी, म्हणजे टीटीच्या हिशोबात आपली धडधडणारी बुलेट चक्क ज्युनिअर! (बुलेटवाल्यांनी रागावू नये.)

जाता जाता ‘इंजिन क्षमता’ या शब्दाबद्दल. सीसीला सर्रास क्षमता लिहितात आणि त्यामुळे लोकांना वाटतं सीसी सारखी म्हणजे ताकद सारखी. तसं नाही. सीसी म्हणजे घन सेंटीमीटर, पिस्टन वरखाली होतो तेवढ्या पोकळीचं माप. बुलेटचा एकच सिलिंडर, ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). जिलेराची पाचशेची गाडी चार सिलिंडरची, प्रत्येकी ५२ बाय ५८.८, चारही सिलिंडरचं घनफळ काढून बघा ४९९.५ सीसी येतं, म्हणजे मर्यादेला अगदी घासून. त्याच गटात एका सिलिंडरची नॉर्टनही असायची, गट एक पण जोर वेगळा. त्या जिलेरावरच मॅकिंटायरने टीटीमध्ये पहिल्यांदा ताशी १०० मैलांच्या वरची फेरी मारली, त्या शर्यतीतली त्याची सगळ्यात वेगवान फेरी १०१.१२ ची, आणि ती सीनिअर शर्यत टीटीच्या पन्नाशीच्या निमित्ताने ८ फेऱ्यांची ठेवलेली, तीन तासांहून जास्त वेळ गडी सीटवर. म्हणून मी ‘घनफळ’ किंवा नुसतं ‘सीसी’ लिहितो.

आणि हो, टीटीचं ‘पर्यटक चषक’ करणार असाल तर ते पण नको. टूरिस्ट ट्रॉफी हे नाव पडलं कारण १९०७ ला ही शर्यत रोजच्या वापराच्या, लांब फिरायला न्यायच्या गाड्यांसाठी सुरू झाली होती, पर्यटकांचा तिथे काही संबंध नाही. फक्त पहिल्यांदा ‘आइल ऑफ मॅन टीटी’ असं पूर्ण लिहा, नुसतं ‘टीटी मारली’ लिहिलंत तर आपली माणसं विचारणार, कुठे गंजलेला खिळा लागला का?