जेवायच्या सुट्टीत कुणाजवळ बसायचं?

डॅलसहून सुट्टीला सोलापुरात आलेल्या एका ताईंचं पत्र समोर आहे. सासर जुळे सोलापुरात, माहेर साखर पेठेत. मुलगा चौदा वर्षांचा, ऑगस्टमध्ये नववीत, म्हणजे तिकडच्या हायस्कूलला जाणार. त्या लिहितात:

"मिडल स्कूल लहान होतं, हायस्कूलमध्ये अडीच हजार मुलं आहेत. त्याला वर्ग तरी सापडतील का? ऑनर्सचे, म्हणजे अवघड पातळीचे विषय किती घ्यावेत? बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, पण आता अभ्यास वाढणार म्हणून बँड सोडायला लावावा असं आमच्या ह्यांचं म्हणणं. मुळात अबोल, त्यात आल्यापासून रात्री झोपत नाही. परवा आजोबा त्याला भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक दाखवून आले, म्हटलं जरा धीर येईल. तर घरी आल्यावर मला म्हणतो, आई, लंचला मी कुणाजवळ बसू? आता याला काय म्हणावं? अर्ध्या तासाचं ते जेवण!"

ताई, रागावू नका, पण मुलानं तुमच्याकडे एकच गोष्ट विचारली आणि नेमकी तीच तुम्ही उडवून लावलीत. कोटणीसांचं स्मारक दाखवलंत, उत्तम केलंत. सोलापुरात जन्मलेला हा माणूस 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, तिथली भाषा शिकला आणि तिथल्याच लोकांचा झाला, हे प्रत्येक सोलापूरकराच्या मुलाला ठाऊक असावं. पण ऑगस्टमध्ये डबा घेऊन कुठल्या टेबलापाशी जायचं, या प्रश्नाला थोरांचं चरित्र उत्तर देत नाही. ते उत्तर घरच्यांनी द्यायचं असतं. म्हणून आजची बहुतेक जागा मी त्यालाच देणार आहे. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत आईबापांना विषयांची काळजी असते आणि मुलांना जेवायच्या सुट्टीची. माझ्या घरचा अनुभव सांगतो की मुलांचं बरोबर असतं.

जरा त्याच्या जागी उभं राहून बघा. वर्गात जागा बहुतेक वेळा शिक्षक नेमून देतात. बसमध्ये मिळेल तिथं बसायचं असतं. अख्ख्या दिवसात जेवणाची वेळच अशी, की कुठं बसायचं ते आपलं आपण ठरवायचं आणि ते सगळ्यांसमोर. नववी ते बारावीची मुलं एकत्र, त्यात दाढी-मिशा फुटलेले बारावीतले, टेबलं भरत चाललेली, आणि आपल्याला पाहून कुणी सरकतंय का हे चालता चालता ओळखायचं. ज्या लग्नात ओळखीचं कुणी नसतं तिथं आपणही पंगतीला बसायच्या आधी दारात रेंगाळतोच की. या लेकराला ते रोज करायचंय.

माझी मोठी मुलगी ओहायोत नववीला लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिचा डबा जसाच्या तसा परत यायचा. पोळीची घडीसुद्धा मोडलेली नसायची. शाळा कशी आहे विचारलं की "छान आहे" एवढंच उत्तर. मार्क उत्तम, शिक्षक खूश, आणि पोरगी जेवायची सुट्टी स्वच्छतागृहात काढत होती. हे तिनं मला कॉलेजात गेल्यावर सांगितलं. तिची सुटका कुणी केली? ऑर्केस्ट्राच्या खोलीनं. तिथले सर सुट्टीत खोली उघडी ठेवायचे, व्हायोलिनवाल्या दोघी-तिघी तिथंच डबा खायच्या, त्यांच्यात ही मिसळली. तेव्हापासून डबा रिकामा यायला लागला आणि मला कुणी न सांगता कळलं की आता ठीक आहे. ताई, ह्यांना सांगा की बँड सोडायचा नाही. अभ्यासाच्या नावाखाली तर मुळीच नाही. पहिल्या वर्षी त्याला ओळखीची माणसं तिथंच मिळणार आहेत.

आता तिकडच्या सुट्टीचा हिशेब नीट समजून घ्या, कारण आपल्याला आपल्या शाळेतली घंटा आठवते. आपल्याकडे घंटा झाली की सगळी शाळा एकदम बाहेर. तिथं एवढी मुलं एका वेळी कॅफेटेरियात मावत नाहीत, म्हणून मोठ्या शाळांत जेवणाच्या दोन-तीन पाळ्या असतात: ए लंच, बी लंच, सी लंच. कुणाची पाळी कुठली हे बऱ्याचदा त्या सुमाराच्या तासावरून ठरतं. त्यामुळे होतं काय, मिडल स्कूलचा जिवलग मित्र त्याच शाळेत असूनही त्याची पाळी वेगळी निघते, आणि पोरगं पहिल्या दिवशी त्याला शोधत फिरतं.

म्हणून वेळापत्रक हातात आलं की ऑनर्स-बिनर्स बघण्याआधी लंचची पाळी बघा. त्याच संध्याकाळी त्यानं जुन्या मित्रांना विचारायचं, "तुझं कुठलं?" एक जरी जुळला तरी पहिला दिवस निघतो. एकही जुळला नाही तर घाबरायचं नाही, कारण त्याच हिशेबाची दुसरी बाजू आहे. जेवणाच्या पाळीला जोडून जो तास असतो, त्या वर्गातली मुलं बहुतेक त्याच्याच पाळीत असतात. त्या तासाला शेजारी बसलेल्या मुलाला विचारायचं, "तुझं पण बी लंच का?" आणि त्याच्याबरोबर वर्गातूनच चालत निघायचं. कॅफेटेरियात एकटं शिरणं आणि बोलत बोलत दोघांनी शिरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या धाकट्यानं हे असंच केलं. मुलगा अबोल, पण एवढं एक वाक्य त्याला जमलं, आणि बारावीपर्यंत त्याचं टेबल त्या नववीच्या बायोलॉजीच्या वर्गातलंच राहिलं.

हे वाक्य घरी म्हणून घ्यायचं असतं. हसू नका. "कॅन आय सिट हिअर?" एवढे चार शब्द, पण पहिल्यांदा उच्चारताना घशात अडकतात. तुम्ही आत्ता सोलापुरात आहात, यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. जुळे सोलापुरात संध्याकाळी गल्लोगल्ली पोरांचं क्रिकेट चालू असतं. त्याला एकट्याला पाठवा आणि "मला घेता का?" हे त्याचं त्याला विचारू द्या. तुम्ही गॅलरीतून "अरे, याला घ्या रे" म्हणून ओरडू नका. तुम्ही ओरडणार हे मला पत्रावरून दिसतंय. मराठी तुटकं असू दे. या गावाला तुटक्या मराठीचं काही वाटत नाही. इथं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू असं सगळं एका चौकात ऐकू येतं. पूर्व भागातली पद्मशाली कुटुंबं तेलंगणातून कामासाठी आली, घरात तेलुगू ठेवली आणि रस्त्यावर मराठी झाली. मी महापालिकेच्या शाळेतून सातवी करून हायस्कूलला गेले तेव्हा वर्गात ओळखीचं कुणी नव्हतं. मधल्या सुट्टीत पायरीवर बसलेल्या एका विणकराच्या मुलीनं आपल्या डब्याचं झाकण उचलून बाजूला ठेवलं, मला बसायला जागा झाली. तिच्या डब्यात चिंचेचा भात होता. तिच्या नातवंडांच्या बारशाला मी जाऊन आले.

आता डब्याचं. इथं मला जरा कडक बोलायचंय. तुम्ही लिहिलंय, "आजीनं वर्षभराची शेंगाची चटणी कुटून ठेवली आहे, रोज डब्यात देणार, म्हणजे घरची आठवण राहील." ताई, चटणी घरी खुशाल खा, डब्यात मात्र आधी शाळेला विचारल्याशिवाय देऊ नका. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तिकडं नेहमी आढळते आणि ती काही मुलांच्या जिवावर बेतू शकते. अशी मुलं इंजेक्शन जवळ बाळगून शाळेत येतात. काही शाळांत दाणे आणायचेच नाहीत असा नियम असतो, काही ठिकाणी दाणे नसलेलं टेबल वेगळं असतं. आणि आपलं सोलापूरचं जेवण म्हणजे दाणेच दाणे. चटणीत दाणे, शेंगा पोळीत दाणे, वांग्याच्या भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, साबुदाण्यात कूट. आख्खा दाणा समोरच्याला दिसेल तरी, भाजीतलं कूट कुणाला दिसणार? आपल्याच डब्यामुळे शेजारचं पोर दवाखान्यात जायला नको, आणि नव्या टेबलावरून तुमच्या लेकाला उठायला लागायलाही नको.

त्याऐवजी जवसाची चटणी द्या, आजींना कुटायला सांगा, त्या नाही म्हणायच्या नाहीत. तिळाचीसुद्धा नको, अमेरिकेत तीळ आता मुख्य अ‍ॅलर्जीच्या यादीत आहे. धपाटे द्या. गार झाले तरी चांगले लागतात, हाताला रस्सा लागत नाही, वीस मिनिटांत खाऊन होतात. रांग, हात धुणं, जागा शोधणं वजा केलं तर खायला वीसच मिनिटं उरतात, हे लक्षात ठेवूनच डबा भरायचा. थर्मासमधला वरण-भात त्याला आवडतो हे मान्य, पण तो घरी. दोन धपाटे जास्तीचे द्या. माझ्या धाकट्याचं टेबल जमलं त्यात जास्तीच्या धपाट्यांचा वाटा मोठा होता. फक्त देण्याआधी "तुला कशाची अ‍ॅलर्जी आहे का?" हे विचारायची सवय त्याला आत्तापासून लावा.

फोनबद्दल तुम्ही लिहिलंय, "मी त्याला सांगून ठेवलंय, एकटं वाटलं की जेवताना मला मेसेज कर." हे जमणार नाही. टेक्सासमध्ये 2025-26 च्या शालेय वर्षापासून सरकारी शाळांत शाळेच्या वेळेत फोन वापरायला कायद्यानंच बंदी आहे. आणि मला विचाराल तर तुमच्या मुलासाठी हे चांगलंच झालं. पूर्वी जेवताना पोरं खाली मान घालून फोनमध्ये बघायची, नवीन मुलानं बोलायचं कुणाशी? आता टेबलावर सगळ्यांची तोंडं मोकळी आहेत. तुम्हाला मात्र दुपारचा तो तास त्याच्या मेसेजशिवाय काढायला शिकायला लागेल.

आणि तो घरी आल्यावर दारातच "कुणाजवळ बसलास?" विचारू नका. पहिले दोन आठवडे तर नाहीच. आधी खायला द्या. डबा घासायला तुमच्याकडेच येणार आहे, तो बघा. रोज भरलेला येत असेल, पोरगं घरी आल्यावर भुकेनं कासावीस असेल आणि तरी "छान आहे" म्हणत असेल, तर मग बसून शांतपणे विचारा, नाही सांगितलं तर शाळेच्या समुपदेशकाला भेटा. तेही त्याला सांगून, त्याच्या पाठीमागे नव्हे. शेजारच्या मराठी कुटुंबातल्या मुलाला "याला तुझ्याजवळ बसवून घे" म्हणून गळ घालू नका. आईनं लावून दिलेली मैत्री चौदाव्या वर्षी टिकत नाही, माझ्या जावेनं टोरांटोत हा प्रयोग केला आणि दोन्ही पोरं वर्षभर एकमेकांना टाळत राहिली.

बाकीचं थोडक्यात. वर्ग सापडतात. वेळापत्रक घ्यायला शाळेत बोलावतील त्या दिवशी एकदा त्यानं तासांच्या क्रमानं चालून बघावं, तुम्ही गाडीत थांबा. ऑनर्स: नववीचे मार्क कॉलेजच्या अर्जात जातात हे खरं, त्यासाठीच पहिल्या वर्षी सगळे विषय अवघड पातळीचे घेऊ नका, जे आवडतात ते दोन घ्या. मराठी आपोआप राहील, आजीशी फोन चालू ठेवा.

झोपेचं मात्र वेगळं सांगते, कारण ते पुन्हा जेवणापाशीच येतं. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की परतीचं तिकीट शाळा सुरू व्हायच्या दोन दिवस आधीचं आहे, स्वस्त मिळालं म्हणून. आपण सगळेच असं करतो, मला ठाऊक आहे. पण उन्हाळ्यात सोलापूर आणि डॅलस यांच्यात साडेदहा तासांचा फरक असतो, आणि शरीर साधारण दिवसाला एक तास या गतीनं जुळवून घेतं. म्हणजे तुमचा लेक पहिल्या दिवशी कॅफेटेरियात उभा असेल तेव्हा त्याच्या शरीरात रात्र असेल. डोळे मिटत असताना अनोळखी मुलाशी चार शब्द कोण बोलेल? शिवाय हायस्कूलच्या मार्चिंग बँडचा सराव शाळा सुरू व्हायच्या आधीपासून असतो. ऊन डोक्यावर घेऊन पोरं मैदानावर एकत्र घाम गाळतात, एकत्र पाणी पितात, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी त्यांना कुणाजवळ बसायचं हे विचारायला लागत नाही.

तेव्हा तिकीट अलीकडं घ्या. दंड भरायला लागला तर भरा, दिवाळीचा एखादा खर्च कमी करा. आजी रुसतील, त्यांना मी दिलेलं कारण सांगा. आणि बँडच्या सरांना आजच ईमेल जाऊ दे: मी भारतात आहे, अमुक तारखेला परत येतोय, सराव कधीपासून आहे, क्लॅरिनेटवाल्यांनी काय आणायचं. ईमेल मुलानं लिहायची. तुम्ही शुद्धलेखनसुद्धा तपासू नका.