गावच्या मातीच्या कपाला ग्लेझ चढेल का?

तुम्ही विचारलंय की गावातल्या कुंभारकाकांकडे चाकावर कप-वाट्या करायला शिकलोय, आता त्यांना दुकानातल्या मगासारखी चकाकी हवी आहे. ती काकांच्याच आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या उघड्या भट्टीत, आणता येईल का, आणि त्या कपात चहा प्यायला चालेल का.

आव्यात नाही येणार. ग्लेझ म्हणजे रंग नव्हे, काच आहे. वाळूतली सिलिका, थोडी अ‍ॅल्युमिना आणि सिलिकाला लवकर वितळवणारं काहीतरी, यांची पूड पाण्यात कालवून भांड्यावर चढवतात; भट्टीत ती वितळते आणि मातीला धरूनच थंड होते. नुसती सिलिका वितळायला 1700 अंशांच्या आसपास उष्णता लागते. वितळवणारं द्रव्य घालून ती हजार-अकराशेवर आणता येते, शिशाशिवाय त्याच्या फार खाली आणणं अवघड. आपला गोवऱ्या-तणसाचा उघडा आवा साधारण 700 ते 850 पर्यंत जातो, तोही सगळीकडे सारखा नाही. शिवाय राख उडते, धूर बसतो. मडक्याला हे सगळं चालतं, काचेला चालत नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या कुंभाराच्या घरचा. बाबा अजून माठ-रांजणच करतात. ग्लेझचं काम मी भद्रावतीला, कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघात शिकलो. बाबांचं म्हणणं एकच, “पाण्याच्या भांड्याले काच कायले?” ते बरोबरच आहे. माठ पाझरतो, ते पाणी वाफ होऊन उडतं म्हणून आतलं गार होतं. बाहेरून काच चढवली की मे महिन्यात कोमट पाणी प्या. तेव्हा ग्लेझ कप, वाटी, बरणी यांनाच.

आता खरी अडचण, आपली माती. विदर्भातली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, म्हणून तिला भेगा पडतात. तळ्याचा गाळ, वाळू, राख किंवा लीद मिसळून कुंभार ती ताळ्यावर आणतात. पण तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात, आणि कपाचा घात ते करतात. भाजताना खड्याचा कळीचा चुना होतो, पुढे हवेतला ओलावा ओढून तो फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो. भट्टीतून काढल्यावर कधी आठवडाभराने, कधी महिन्याने. माठाला एखादा टवका खपून जातो, ग्लेझच्या कपाला नाही. म्हणून सुक्या मातीवर लिंबू पिळून बघा. फसफसली तर चुना आहे. मग माती पाण्यात कालवून पातळ चिखल करा आणि बारीक चाळणीतून, 80 मेशची (इंचाला 80 भोकांची) मिळाली तर उत्तम, गाळून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

वाळवण्याकडेही लक्ष द्या. आपल्याकडच्या झळांमध्ये कपाची कड तासाभरात कोरडी पडते आणि बूड ओलंच राहतं. मग बुडाला तडा किंवा कानाच्या सांध्याला चीर. सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मऊ चामड्याइतका कप घट्ट झाला की बूड तासून घ्या आणि कान तेव्हाच जोडा.

पहिली भाजणी, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची, काकांच्या आव्यात झाली तरी चालेल. ग्लेझची भाजणी मात्र विजेच्या किंवा गॅसच्या भट्टीतच. मोठ्या गावातले स्टुडिओवाले भट्टीतली जागा भाड्याने देतात, विचारून बघा. भाजून लाल होणाऱ्या आपल्या मातीला 1000 ते 1050 अंशांचं ग्लेझ मागा. 1100 च्या पुढे आपली माती फुगते, वाकते, कधीकधी चक्क वितळते. म्हणून लोणच्याच्या बरणीचं 1200 च्या वरचं ग्लेझ तिच्या कामाचं नाही.

ग्लेझ स्वतः बनवण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नका, तयार घ्या. नेटवर टाकणखार कालवून लावायचे नुस्खे आहेत. टाकणखार पाण्यात विरघळतो, मातीत मुरतो आणि भाजणीनंतर ठिपके येतात. म्हणून तो आधी वितळवून, काच करून दळतात. त्या पुडीला फ्रिट म्हणतात. घेताना ‘शिसेविरहित’ लिहिलंय का ते वाचा. कमी तापमानाच्या जुन्या ग्लेझमध्ये शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, सर्रास पडायचा, कारण तो लवकर वितळतो आणि झकास चकाकतो. अशा भांड्यात ताक, चिंचेचं सार, लोणचं ठेवलं की आंबटपणा शिसं ओढून घेतो. चहाही त्यात नको. भांडी कुणाला खाण्यापिण्याच्या वापरासाठी द्यायची असतील तर प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. रात्रभर लिंबाची फोड ठेवून रंग उडतो का बघतात, पण त्यातून शिसं नाही हे सिद्ध होत नाही.

लावताना भाजलेला कप ओल्या स्पंजने पुसा, धूळ राहिली तर तिथे ग्लेझ धरत नाही. बुडाला मेण लावा, म्हणजे तिथे ग्लेझ बसणार नाही, नाहीतर कप भट्टीच्या फळीला कायमचा चिकटतो. घोळ दाट ताकासारखा हवा; दोन-तीन सेकंद बुडवून काढा. भट्टी हळू चढवा, विशेषतः 573 अंशांजवळ, कारण तिथे मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकदम वाढतं. उतरताना त्याच ठिकाणी पुन्हा घटतं. आणि हाताला सोसवेल इतकी थंड झाल्याशिवाय दार उघडायचं नाही.

थंड झाल्यावर जाळीसारख्या बारीक चिरा दिसल्या, तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलंय. दिसायला छान, पण सच्छिद्र मातीवर अशा चिरांतून चहा झिरपतो, वास धरतो. ग्लेझमध्ये सिलिका थोडी वाढवली की बहुधा थांबतं.

एवढा खटाटोप नको असेल तर काकांकडूनच घोटणं शिका. अर्धवट सुकलेल्या भांड्याला गेरूचा हात देऊन गुळगुळीत दगडाने घोटलं की भाजल्यावर मंद चमक येते. ते पाझरणारच, पण सुका मेवा, मसाले, दिवा यांना मला ती चकाकी काचेपेक्षा आवडते. कपच हवे असतील तर पहिल्या भट्टीत कप ठेवू नका. त्याच मातीच्या छोट्या चकत्या भाजून, ग्लेझ लावून ठेवा आणि महिनाभर बघा, टवके उडतात का ते.