लहान फ्रेमवर सीट पुढे सरकवण्याआधी

आपली उंची १५२ सेंटीमीटर, जांघेपासून जमिनीपर्यंत पायाचे माप ७० सेंटीमीटर, आणि घेतलेली रोड सायकल त्या मॉडेलमधली सर्वांत लहान मापाची. तरीही फोंड्याहून पणजीला पोहोचेपर्यंत तळहात बधिर होतात आणि गुडघ्याच्या वाटीपाशी दुखते, असे आपण लिहिले आहे. हँडल लांब पडते म्हणून दुकानात सीट जाईल तितकी पुढे सरकवून दिली आणि त्यानंतर त्रास वाढला, हेही आपण सांगितले आहे. वर्णनावरून मला तरी असे दिसते की सीट मागे जायला हवी होती. सीटची जागा पेडलांवरून ठरवायची असते. हँडल किती लांब आहे हा प्रश्न त्यानंतरचा आहे आणि त्याचा उपाय सायकलच्या पुढच्या भागातच करावा लागतो.

लहान फ्रेमच्या बाबतीत हे अधिक काटेकोरपणे पाळावे लागते, कारण तिच्या रचनेतच सीट पुढे आलेली असते. फ्रेम कितीही लहान केली तरी ७००सी, म्हणजे रोड सायकलच्या नेहमीच्या मापाच्या, चाकाचा व्यास टायरसह सुमारे ६८ सेंटीमीटरच राहतो. फ्रेम फार आखूड केली तर वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो. म्हणून पुढचे चाक फारसे मागे आणता येत नाही, आणि टॉप ट्यूब (सीटकडून हँडलकडे जाणारी वरची नळी) मात्र कागदावर आखूड दिसायला हवी असते. त्यावरचा सोपा मार्ग म्हणजे सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची नळी, अधिक उभी करणे. मध्यम मापाच्या फ्रेमवर हा कोन ७३ अंशांच्या आसपास असतो, तर लहान मापावर तो ७५ किंवा त्याहूनही जास्त आढळतो. आपल्या उंचीच्या स्वाराची सीट बॉटम ब्रॅकेटपासून (पेडलांचे दांडे ज्या आसावर फिरतात तिथून) सुमारे ६१ सेंटीमीटरवर येते. त्या उंचीला ७३ ऐवजी ७५.५ अंशांचा कोन असला की सीट अडीच सेंटीमीटर पुढे येते. शिवाय हँडल त्यामुळे जवळ येतच नाही. टॉप ट्यूब आखूड झाली ती मागच्या टोकाला. बॉटम ब्रॅकेटपासून हँडलपर्यंतचे अंतर होते तेवढेच राहते.

बुटक्या माणसाची मांडी आखूड असते, म्हणून त्याला सीट पुढेच हवी, असे यावर नेहमी सांगितले जाते. मला हे पटत नाही. एकाच कोनावर सीट खाली आली की ती आपोआप पुढेही येते. ७३ अंशांवर ७५ सेंटीमीटर उंचीची सीट बॉटम ब्रॅकेटच्या सुमारे २२ सेंटीमीटर मागे असते, तर ६१ सेंटीमीटर उंचीची सुमारे १८ सेंटीमीटर मागे. आखूड मांडीचा हिशेब तिथेच पूर्ण होतो. कोन आणखी उभा करण्याची गरज स्वाराच्या शरीराची नसून चाकाच्या मापाची असते. सीट फार पुढे असली की कंबरेवरचा भार पायांवर तोलला जात नाही, तो मनगटांवर येतो, आणि पेडल खाली दाबताना गुडघा जास्त वाकलेला राहतो. आपली दोन्ही दुखणी याच्याशी जुळतात.

आता प्रत्यक्ष बसवण्याविषयी. सुरुवात उंचीपासून करावी. पायाच्या मापाला ०.८८३ ने गुणण्याची जुनी रीत आपल्या बाबतीत ६१.८ सेंटीमीटर देते. हे अंतर बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीट ट्यूबच्या रेषेत मोजायचे. आरंभी त्यापेक्षा पाच-सहा मिलिमीटर कमी ठेवणे बरे. त्यानंतर सीट पाणसळीने सपाट करावी. टोक खाली झुकवल्यास स्वार सतत पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो, म्हणून एक-दोन अंशांपलीकडे जाऊ नये.

मग दोऱ्याला नट बांधून ओळंबा करावा. सायकल सपाट जागी उभी हवी. आपल्याकडच्या बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओट्याच्या) किंवा अंगणाच्या लाद्यांना पावसाचे पाणी उतरावे म्हणून बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो, तेव्हा आधी जमीन तपासून घ्या. क्रँक, म्हणजे पेडलाचा दांडा, आडवा ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला, की तो पेडलाच्या आसाजवळ यावा. हा नियम म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, पण आरंभबिंदू म्हणून तो उपयोगी आहे. खरी परीक्षा रस्त्यावर होते. रविवारी पहाटे रहदारी नसताना रायबंदरच्या कॉजवेसारख्या सपाट, सरळ रस्त्यावर मध्यम जोर लावून चालवताना तळहात हँडलपासून जेमतेम सुटतील इतकेच क्षणभर सैल करून पाहा. अंग पुढे कोसळत असेल तर सीट अजून मागे हवी. फर्मागुडीच्या चढावर ही परीक्षा करू नये, कारण ८ टक्के चढावर सायकलच सुमारे साडेचार अंश मागे कलते आणि पुढे असलेली सीटही बरी वाटू लागते.

एका वेळी पाच मिलिमीटरच सरकवावे. सीट एक सेंटीमीटर मागे नेली की पेडलापासूनचे अंतर सुमारे तीन मिलिमीटरने वाढते. तेवढी ती खाली घ्यायला विसरू नये. सीटखालच्या रुळांवरील मर्यादेच्या खुणांपलीकडे क्लॅम्प (रूळ धरणारी पकड) नेऊ नये. जागा अपुरी पडली, आणि लहान फ्रेमवर ती बहुधा पडतेच, तर २० ते २५ मिलिमीटर मागे झुकलेला सीटपोस्ट (सीट ज्यावर बसते तो दांडा) घ्यावा.

यानंतर हँडल आणखी लांब वाटेल आणि दुकानदार पुन्हा सीट पुढे घ्यायला सांगेल. ते ऐकू नका. ९० मिलिमीटरचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा आडवा तुकडा) असेल तर ६० किंवा ७०चा लावा, कमी पुढे जाणारे कॉम्पॅक्ट हँडल बघा, आणि ब्रेकच्या लिव्हरमधला छोटा स्क्रू फिरवून लिव्हर बोटांच्या जवळ आणा. स्टेम आखूड झाल्यावर हँडल थोडे चपळ होते, पण त्याची सवय लवकर होते. क्रँक १७० मिलिमीटरचा असेल तर १६५ किंवा १६०चा विचार मी आग्रहाने करायला सांगेन. क्रँक पाच मिलिमीटर आखूड झाला की सीट तेवढीच वर घेता येते, आणि पेडल वर आल्यावर गुडघ्याला एकूण दहा मिलिमीटर जास्त मोकळीक मिळते. एवढे करूनही ५० मिलिमीटरपेक्षा आखूड स्टेमची गरज वाटली, तर ती फ्रेम आपल्यासाठी नाही असे समजावे आणि लहान चाकांची सायकल शोधावी. अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८०च्या दशकातच पुढचे चाक २४ इंचांचे ठेवून स्त्रियांसाठी सायकली बनवल्या, त्या याच अडचणीवर उत्तर म्हणून. सीट नीट बसवूनही गुडघा दुखत राहिला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

नवा सीटपोस्ट मागवण्यापूर्वी जुन्यावर कोरलेला व्यासाचा आकडा वाचून घ्या. बहुतेकदा तो २७.२ असतो, पण ०.२ मिलिमीटरचा फरकही चालत नाही. धातूचा सीटपोस्ट ग्रीस लावूनच बसवावा, कारण आपल्या खाऱ्या, दमट हवेत ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये गंजून कायमचा अडकू शकतो. पावसाळा संपल्यावर तो एकदा बाहेर काढून पुसावा. कार्बनच्या पोस्टला मात्र ग्रीस न लावता त्याची वेगळी पेस्ट लावतात. बाहेर काढण्याआधी पोस्टवर उंचीच्या जागी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून ठेवली, की जमवलेले माप हातचे जात नाही.