मुंबईत माजी सैनिक आणि अपंग व्यक्तीसाठी दवाखाना, मदत कुठे मिळते?

सासरे फौजेतून निवृत्त, एका पायाने अधू, गावचं घर बंद करून आता कायमचे तुमच्याकडे मुंबईत. त्यांचे उपचार, व्यायाम, सरकारी मदत हे इथे कुठे बघायचं, असं तुम्ही विचारलंय. त्यावर एकाने उत्तर दिलंय, "फौजी आहेत ना, मग सगळं मिलिटरीच बघते." ते वाचलं म्हणून लिहायला बसले.

मिलिटरी तिचं तेवढं बघते. अपंगत्वाचं जे सिव्हिलकडून मिळतं ते सिव्हिलमध्येच जाऊन घ्यावं लागतं, आणि या खिडकीवरचा माणूस त्या खिडकीबद्दल चकार शब्द काढत नाही. सासऱ्यांना दोन्हीकडे न्या.

माझे वडील, आम्ही आबा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नंतर बरीच वर्षं सिक्युरिटीत. साखर वाढत गेली, बुटात झालेली जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ऑपरेशन ईसीएचएसवर, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेवर झालं, योजनेच्या पॅनलवरच्या एका खासगी रुग्णालयात. कार्ड आणि पॉलिक्लिनिकचं, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याचं रेफरल हातात असताना काउंटरवर डिपॉझिट मागितलं. मी तिथूनच पॉलिक्लिनिकला फोन लावला आणि फोन काउंटरवरच्या बाईंच्या हातात दिला, तेव्हा विषय मिटला. पॅनलवरच्या रुग्णालयाला कॅशलेस उपचार द्यायचे असतात, हे पाठ करून ठेवा. इमर्जन्सीत रेफरलशिवायही थेट जाता येतं, मग ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायची जबाबदारी रुग्णालयाची. पॅनलबाहेर जावं लागलं तर मात्र तुम्हीच कळवा, नाहीतर बिलाचे पैसे परत मिळताना नाकी नऊ येतात.

खरी लढाई घरी आल्यावर झाली. मी म्हटलं, आबांचं यूडीआयडी कार्ड काढू, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र. काका उसळले. "फौजी माणूस अपंगांच्या रांगेत उभा राहणार? पेन्शन आहे, कार्ड आहे, अजून कशाला हात पसरायचा?" आबा काही बोलले नाहीत, पण पटलं त्यांना काकांचंच. परिणाम काय? कुबड्या घेऊन माणूस भांडुपला जनरल डब्यात चढायचा, कारण दिव्यांगांच्या डब्यात बसायला दाखवायचा कागदच नव्हता. घरातले सगळे बघत होते आणि स्वाभिमानाचं कौतुक चाललं होतं. मला तेव्हाही ते पटलं नाही, आजही पटत नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर जे लाभ आहेत, ते हक्क म्हणून दिलेत. त्यात भीक कसली?

शेवटी आईने आबांना एकच विचारलं, "पलटणीत रेशनच्या लायनीत उभे राहत होता, तेव्हा लाज वाटायची का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फोटो काढून आणले. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला, रुग्णालय निवडलं, डॉक्टरांनी तपासलं, कार्ड आलं. फौजेच्या मेडिकल बोर्डाचा कागद या कामाला चालत नाही, टक्केवारी सिव्हिल डॉक्टर नव्याने ठरवतात. त्यामुळे जुना कागद पुढे करून वाद घालत बसू नका.

कृत्रिम पायासाठी आम्ही हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत गेलो. १९५५ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे, स्टेशन महालक्ष्मी. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि कृत्रिम अवयवांची कार्यशाळा एकाच आवारात. मुंबईत इतकी कामाची जागा आणि निम्म्या मुंबईला ती ठाऊक नाही. तिथल्या तंत्रज्ञाने उरलेल्या पायाला ओलं प्लास्टर गुंडाळलं, अंगठ्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली दाबून धरलं आणि निळ्या पेन्सिलीने खुणा केल्या. मग म्हणाला, पुढच्या वेळी रोजचे बूट आणा, टाचेच्या उंचीवर पायाचा तोल ठरतो. आबांनी दोन्ही बूट पॉलिश करून वर्तमानपत्रात गुंडाळून नेले. समांतर दांड्यांच्या मधे पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा नजर खाली जात होती. तो पोरगा म्हणाला, "साहेब, समोर बघा, परेडसारखं." तेवढ्यावर मान वर झाली ती झालीच. पहिले काही महिने सूज उतरून उरलेला पाय बारीक होत जातो आणि सॉकेट, म्हणजे तो ज्यात बसतो ती वाटी, सैल पडतो. मग मोज्यावर मोजा चढवावा लागतो. हे आधी माहीत असलं तर माणूस "पाय बिघडला" म्हणून कोपऱ्यात ठेवून देत नाही.

आता तुमचं. सासऱ्यांचं डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि ईसीएचएस कार्ड एका फायलीत लावा आणि आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. गावाकडच्या जिल्ह्यातली नोंद इकडे बदलून घ्या. तिथे कल्याण संघटक असतात, बहुतेक स्वतः माजी सैनिकच, त्यांच्याशी बोला. निवृत्तीनंतर ५० टक्के किंवा जास्त अपंगत्व आलेल्यांना खास बनवलेल्या स्कूटरसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत आहे. अर्ज याच कार्यालयामार्फत जातो. ईसीएचएसचं पॉलिक्लिनिकही घराजवळचं करून घ्या, दर महिन्याच्या औषधांसाठी लांबची फेरी नको. नौदलाचं अश्विनी रुग्णालय कुलाब्याला आहे, पण साध्या तपासणीसाठी थेट तिकडे धावू नका, पॉलिक्लिनिकने पाठवलं तर जा.

ऐकू कमी येत असेल, तोफखान्यातल्या बऱ्याच जणांचं तसं होतं, तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था. रात्री झोप लागत नाही, चिडचिड होते, असं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलतात. संजय गांधी निराधार योजनेच्या मागे लागू नका. उत्पन्नाची मर्यादा इतकी कमी आहे की फौजी पेन्शनर त्यात बसत नाही. आणि एजंटला एक रुपयासुद्धा देऊ नका. काकांनी नंतर स्वतःच्या गुडघ्यासाठी एका एजंटला पैसे दिले, ज्या कामाचा अर्ज मी फुकट भरून दिला असता. असो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ईसीएचएस मुळात पेन्शनधारकांसाठी आहे. सासरे पेन्शनशिवाय घरी आले असतील तर वरचं ईसीएचएसचं सगळं बाजूला ठेवा आणि सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शन नसलेल्यांसाठीच्या मदतीचं विचारा, ६५ च्या पुढच्यांसाठी तशी सोय आहे. शिवाय आबांचा पाय निवृत्तीनंतर गेला. सासऱ्यांची इजा नोकरीत असतानाची असेल तर प्रकरण वेगळं, कारण मग डिसॅबिलिटी पेन्शनचा प्रश्न येतो. त्यांच्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे फौज सोडतानाच्या तपासणीच्या कागदावर ती इजा सेवेमुळे झाली किंवा सेवेमुळे वाढली असं लिहिलंय का, ते बघा. तसं लिहिलेलं असूनही ही पेन्शन मिळत नसेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे, तिथे दाद मागता येते. त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते खाली कळवा, मग पुढचं सांगते.