युद्धातून सावरणाऱ्या देशात निवडणुकीच्या स्वतंत्र पत्रकारितेला मदत कशी करता येते?

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशाचं उदाहरण सांगतो. तिथली यादवी १९९१ ते २००२ चालली. वर्तमानपत्रं मुख्यतः राजधानी फ्रीटाऊनपुरती, आणि वाचता येणारे कमी. त्यामुळे मदत रेडिओला करणं शहाणपणाचं ठरलं. 'इंडिपेंडंट रेडिओ नेटवर्क'नं ठिकठिकाणची छोटी केंद्रं जोडली. २००७ च्या निवडणुकीत वार्ताहर थेट मतदान केंद्रांवर उभे राहिले आणि तिथे जाहीर झालेले आकडे देशभर ऐकवले. गावानं स्वतःच्या कानांनी ऐकलेला आकडा नंतर गुपचूप बदलणं अवघड असतं! त्या वेळी विरोधी पक्ष जिंकला आणि सत्तांतर झालं.

म्हणून पैसे द्यायचेच तर जनरेटरच्या डिझेलला, वार्ताहराच्या प्रवासाला, मोबाइलच्या रिचार्जला द्या. पगार वेळेवर मिळाला तर उमेदवाराच्या पाकिटाला नाही म्हणता येतं. फक्त मतदानाच्या महिन्यापुरतं प्रशिक्षण देऊन निघून जाणं मला अजिबात पटत नाही.

कायद्याचं बळही हवंच. बदनामीसाठी पत्रकारांना तुरुंगात टाकणारी १९६५ च्या कायद्यातली कलमं तिथे २०२० मध्ये रद्द झाली. त्यासाठी पत्रकार संघटना कित्येक वर्षं झगडत होत्या.