पुण्यात एकच दिवस आहे. शनिवारवाडा पाहावा की केळकर संग्रहालय? केळकरमध्ये म्हणे नुसती जुनी भांडीकुंडी आहेत.

शनिवारवाड्याला अर्धा तास, केळकरला किमान तीन. ‘जुनी भांडीकुंडी’ हे वाचलं म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला. तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद उरले. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे नीट पाहा, हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेत. तेवढं पाहून निघा. अप्पा बळवंत चौकातून बाजीराव रस्त्याने दक्षिणेला चालत गेलं की वाटेत विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा. लाकडी दर्शनी भाग आणि सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब बघायला पंधरा मिनिटं पुरतात.

पुढे नातूबागेत केळकर. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने हे उभं केलं आणि सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच.

इथे लोक पुतळे आणि तलवारी शोधत फिरतात आणि तासाभरात कंटाळून बाहेर पडतात. इथली खरी श्रीमंती घरातल्या वस्तूंची आहे, त्या कशा चालायच्या हे पाहायचं. अडकित्त्यांचंच उदाहरण घ्या. धार वरच्या पात्याला, खालचं सुपारी टेकवायला. सुपारी बिजागरीच्या जितकी जवळ तितका हाताला जोर कमी लागतो. एवढी गरज भागली की बाकीचं सगळं कारागिराचं: कुठे पोपट, कुठे घोडेस्वार, कुठे जोडपं, आणि मूठ उघडली-मिटली की ती आकृतीही हलते. पाय घासायच्या वज्र्या पाहा. खालची बाजू मुद्दाम खडबडीत, वर मोर किंवा हत्ती, काहींना घुंगरू. रोज न्हाणीघरात लागणाऱ्या वस्तूवर एवढी मेहनत घेणारा समाज कसा होता, हे मला कुठल्याही तहनाम्यापेक्षा जास्त कळतं. राजवाडे आणि लढाया म्हणजेच इतिहास, असं सांगणाऱ्यांशी माझं याच मुद्द्यावर कधीच जमलं नाही.

लामणदिवे, पैठणची चित्रकथी (गोष्ट सांगताना दाखवायची चित्रं), वाद्यं आणि कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल चुकवू नका. सगळंच पाहायचा हट्ट मात्र धरू नका. प्रत्येक दालनात एकच प्रकार निवडा आणि त्यातले दहा नमुने शेजारी-शेजारी ताडून पाहा. काचेवर उजेड चमकला की एक पाऊल बाजूला सरका. दुपारी चारनंतर शिरलात तर वरचे मजले धावत बघावे लागतील, म्हणून सकाळीच या.

आगाखान पॅलेस याच दिवसात कोंबू नका. तो नगर रस्त्यावर, अगदी दुसऱ्या टोकाला. कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच कैदेत असताना वारले, त्यांच्या समाध्या आहेत. तिथे घाईत जाऊ नये.

गुडघे दुखत असतील तर केळकरचे जिने त्रास देतील. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जास्त आवडेल. आणि गाडी आणू नका: बाजीराव रस्ता एकेरी आहे, लावायला जागा मिळत नाही. मेट्रोने मंडईला उतरून चालत या.