लॅम्प (एकाच तापमानावर डीएनएच्या प्रती काढणारी चाचणी) करताना नुसतं पाणी घातलेली निगेटिव्ह ट्यूबही पॉझिटिव्ह येते. प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलू का? आणि पानातून काढलेल्या डीएनएला पॉझिटिव्ह यायला एवढा उशीर का लागतो?

आधी ती प्रायमरची ऑर्डर थांबवा. हेच मी सांगलीत आमच्या सरांना सांगत होतो. त्यांनी चारदा प्रायमर मागवले.

आमची उसाच्या टिश्यू कल्चर रोपांची लॅब. शेतकऱ्याला रोपं देण्याआधी गवताळ वाढीच्या रोगाच्या फायटोप्लाझ्मासाठी (हा रोग आणणारा सूक्ष्म जंतू) तपासायची. दोन महिने सगळं सुरळीत. मग एके दिवशी पाण्याची ट्यूब जांभळ्याची आकाशी (म्हणजे पॉझिटिव्ह) झाली, आणि तीही पस्तिसाव्या मिनिटाला, रोगट पानाच्या बरोबरीनं. सर म्हणाले, प्रायमर एकमेकांना चिकटतायत. नवे आले. तेच पाणी, तेच पिपेट, पुन्हा आकाशी.

खरं दुखणं वेगळं होतं. सरांना प्रत्येक रिझल्टचा जेलवरचा फोटो लागायचा. एचएनबी या डायचा रंग आंधळ्यालाही दिसेल, तरी ट्यूब उघडायची, जेलवर शिडी (डीएनएच्या तुकड्यांचे लांबीनुसार पट्टे) काढायची, फोटो फाइलला लावायचा. आणि जेलचं टेबल मिक्स करायच्या टेबलापासून दोन हातांवर! लॅम्प तासाभरात अब्जावारी प्रती काढतं. २५ मायक्रोलिटरमध्ये एकच अब्ज धरा. झाकण उघडताना मायक्रोलिटरचा हजारावा भाग उडाला तरी ४०,००० प्रती हवेत. तुमचं निगेटिव्ह कुठून वाचणार?

शेवटी एका शनिवारी तिसऱ्या खेपेच्या प्रायमरच्या न फोडलेल्या ट्यूब आणि सीलबंद एन्झाइम आइस्क्रीमवाल्याच्या थर्माकोलच्या डब्यात घालून मिरजेला गेलो. मित्राची रक्त तपासायची लॅब आहे. पिपेट त्याचं, टिप त्याच्या, पाणी मेडिकलमधून आणलेलं इंजेक्शनचं. वॉटरबाथ ६५ वर. आठ निगेटिव्ह लावून झाकणं बंद केली, मग सगळ्यात शेवटी नवव्या ट्यूबमध्ये रोगट पानाचा डीएनए. तासाभरानं आठही जांभळ्या, नववी आकाशी. सोमवारी सरांना दाखवलं. म्हणाले, "मिरजेचं पाणी वेगळं असेल." आणि चौथी ऑर्डर गेली.

तर तुम्ही काय करायचं? उघडलेलं सगळं फेकून द्या: पाणी, बफर, डीएनटीपी (डीएनए बांधायचा कच्चा माल), प्रायमरचे वाटून ठेवलेले छोटे अ‍ॅलिकोट, सगळं. नेमकं कशात घाण आहे ते शोधत बसलात तर पगार निघून जाईल. टेबल आणि पिपेट ताज्या १० टक्के ब्लीचनं पुसा, दहा मिनिटं राहू द्या, मग पाण्यानं पुसा. नुसत्या यूव्हीच्या भरवशावर राहू नका. मिक्स दुसऱ्या खोलीत करा, तिथलं पिपेट तिथून हलवायचं नाही. डाय आधीच घाला आणि रिअ‍ॅक्शन झाल्यावर ट्यूब उघडूच नका, कुणी कितीही फोटो मागू दे. पैसे असतील तर डीयूटीपी (डीटीटीपी या कच्च्या मालाऐवजी घालायचा) आणि उष्णतेनं मरणारं यूडीजी (डीयूटीपीनं बनलेल्या जुन्या प्रती तोडणारं एन्झाइम) वापरा. पण ते सुरुवातीपासून वापरलं तरच, आधी पसरलेल्या डीटीटीपीच्या प्रतींना ते हात लावत नाही.

पानाचं थोडक्यात: डीएनए दहापट पातळ करून लावा. पातळ केलेला आधी आला तर पानातले पॉलिफिनॉल वगैरे आडवे येतायत, मग सीटॅबमध्ये (डीएनए काढायच्या बफरमध्ये) पॉलिफिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी घाला.

हां, प्रायमर कधीच दोषी नसतात असं नाही. लॅम्पचे एफआयपी, बीआयपी हे प्रायमर चाळीसेक बेसचे लांबलचक असतात, चिकटू शकतात. निगेटिव्ह पन्नास मिनिटांनंतर, कधी येतं कधी नाही असं असेल तर वेळ चाळीसवर आणा, प्रायमर कमी करून बघा. मिक्स बर्फावरच करा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात बीएसटी (लॅम्पचं एन्झाइम) टेबलावरच कामाला लागतं. हे आधी सांगायला हवं होतं.

पण आमच्याकडे तसं नव्हतं. सरांच्याच फाइलमधले फोटो काढून बघा: निगेटिव्हच्या लेनमध्ये पॉझिटिव्हचीच शिडी आहे, पायरीला पायरी जुळते. मी रिस्ट्रिक्शन एन्झाइमनं (डीएनए ठरावीक जागी कापणारं) कापूनही बघितलं होतं. तुकडेही तेच निघाले.